बक्कल जमा करताना

मुख्यालयाच्या भांडारखिडकीत आज
बक्कल ठेवलं, काठी ठेवली, शिट्टी ठेवली.
कारकुनानं चष्म्यावरून बघितलं: "शिट्टीची दोरी?"
दोरी केव्हाच गेली. तिच्या जागी
विडीचा गुलाबी दोरा, सात पदरी पीळ घातलेला.
तो मी सोडवून घेतला.
"हा सरकारी नाही," म्हटलं.
त्यानं रकान्यात लिहिलं, दोरी नाही,
आणि बारा रुपये वसूल.

तेहतीस वर्षं.
साहेब आले, लातूरचे, नाशिकचे,
इथल्या उन्हाला शिव्या देत बदलून गेले.
मी हवालदार अनसूया म्याकल,
चार वर्षं सोडली तर इथंच.
खाकीतसुद्धा गल्लीनं मॅडम म्हटलं नाही कधी.
"राजव्वाची अन्सू न्हवं तू?
एवढ्या उन्हात टोपी कशाला घालतीस?"

चोरसुद्धा ओळखीचे.
बालाजी कुडक्यालला धरलं, तेव्हा त्यानं आधी
आईच्या गुडघ्याची चौकशी केली,
मग सांगितलं सायकली कुठं आहेत.
सात सायकली, एक इस्त्री,
आणि कुणाच्यातरी मोरीतनं उचललेला तांब्याचा बंब.
पंचनाम्यात मी लिहिलं, बंब वापरातला.
आतलं पाणी अजून कोमट होतं.

रात्रीच्या गस्तीला साखर पेठेत
मागांचा आवाज इतका, की तो ऐकूच येत नाही.
बंद पडला की ऐकू येतो.
एकदा अडीच वाजता एक माग मधेच थांबला.
मी उभी राहिले. शंभरपर्यंत मोजलं.
त्या महिन्यात दोन घरांतून
आम्ही माणसं उतरवली होती आढ्यावरून.
काठीनं दार ठोकलं. तीनदा.
माणूस बाहेर आला, डोळे चोळत,
"धागा तुटला ओ अक्का. बाकी काय नाय."
आणि मग, आलीसच तर म्हणून,
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
त्या घासाची नोंद
स्टेशन डायरीत कुठं करायची, मला कळलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली पोरं माझ्याकडं.
रडत ती सगळी सारखीच,
नाव विचारलं की मराठी, तेलुगू, कन्नड व्हायची.
एक पोरगी मात्र कुठल्याच भाषेत बोलली नाही.
बाप येईतो माझ्या बक्कलाचे आकडे
बोटानं गिरवत बसली.
एक, एक, चार, सात.
मीच ते कधी नीट वाचले नव्हते.

आणि पूनम गेट.
ते मी सांगत नसते कुणाला.
विडीवाल्या बायकांचा मोर्चा, हजारी मजुरीचा.
दोर आमच्या हातात,
पलीकडं पहिल्या ओळीत आई.
बोटं तंबाखूनं पिवळी, मूठ वर.
त्या हजारीवर मी शाळा शिकले,
भरतीला धावायचे बूटही त्यातलेच.
हुकूम आला, मागं रेटा.
रेटलं.
माझी आडवी काठी तिच्या खांद्याला लागली.
जोरात नाही, असं मी पुढं बरीच वर्षं म्हणायचे.
तिनं घोषणा सोडली नाही.
फक्त दोन घोषणांच्या मधल्या श्वासात
मला विचारलं, "तिन्नावा?"
जेवलीस का.

रात्री मी तेल गरम केलं.
तिनं खांदा पुढं केला नाही.
सुपात पानं होती, फर्मा होता, कात्री चालू होती.
मी तेल तसंच ठेवलं चुलीशेजारी.

आठेक दिवसांनी शिट्टीची दोरी तुटली.
तुटली का तोडली, आता आठवत नाही.
सकाळी उशाशी शिट्टी,
गुलाबी दोऱ्यात ओवलेली.
त्यावर आम्ही बोललो नाही.
ती गेली, तोवर नाही.

पावती घेऊन बाहेर पडले.
अशोक चौकात ट्रक आडवा, सगळं तुंबलेलं.
साडीतच होते, तरी हात वर गेला.
एक रिक्षावाला थांबला, निरखून बघितलं,
"अन्सूअक्का, रिटायर झालीस की आज?"
"झाले की."
"मग?"
मग काय.
हात वरच होता.
तोही थांबलेलाच होता.